सात टँकर पाणी, रोज : कोल्हापूरच्या घरगुती कचऱ्याचं साधं गणित

कोल्हापुरात कचऱ्याचा विषय निघाला की गाडी थेट कसबा बावड्याला, लाईन बाजारच्या झूम प्रकल्पावर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवर जाऊन थांबते. झूमवरचा ढीग, झूमचा वास, झूमला लागलेली आग, झूमचं पुढं काय. बावडेकरांनी हा त्रास वर्षानुवर्षं सोसलाय, त्यांनी दुसरं काय बोलावं? पण बाकीच्या शहरानं फक्त झूमबद्दल बोलत राहणं जरा सोयीचंच आहे. ढीग दिसतो तिकडं. तयार होतो तो आपल्या ओट्यावर, सकाळी डबे भरायच्या गडबडीत. आणि त्यातला कचरा कुजून त्रास देणार की खत-भंगार होऊन कामाला येणार, हेही बरंचसं तिथंच ठरून गेलेलं असतं.

आधी अंदाज घेऊ. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली लोकसंख्या ५,४९,२३६ होती. आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या शहरात माणशी रोज ३०० ते ४०० ग्रॅम कचरा होतो, असं धरायची पद्धत आहे. गुणाकार केला तर उत्तर येतं १६५ ते २२० टन. तेव्हापासून शहर वाढलं. शिवाय अंबाबाईच्या दर्शनाला येणारे भाविक, होस्टेलवरची पोरं, रोज कामाला येऊन संध्याकाळी गावी परतणारे लोक जनगणनेच्या आकड्यात नसतात, त्यांच्या चहाचे कप मात्र इथंच पडतात. हिशेबाला सोपं म्हणून आपण २०० टन धरू.

यातला साधारण निम्मा कचरा ओला. भाजीची देठं, कलिंगडाच्या साली, चहाचा चोथा, शिळी भाकरी, ताटातलं खरकटं. म्हणजे १०० टन. आता कोबीच्या पानात किंवा काकडीच्या सालीत नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, भात-भाकरीत त्याहून कमी. सरासरी सत्तर टक्के धरलं तरी ७० टन पाणी झालं. ७० टन म्हणजे ७० हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सात टँकर. उन्हाळ्यात एकीकडं उपनगरात टँकरची वाट बघत बसायचं आणि दुसरीकडं सात टँकर पाणी, साली-देठांत भरून, डिझेल जाळून बावड्याला पोचवायचं. रोज.

कचऱ्याचं बोलणं सहसा प्लास्टिकपासून सुरू होतं. माझ्या मते ते या पाण्यापासून सुरू व्हायला हवं. डेपोवर जी जी भानगड होते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच पाणी सापडतं.

पाणी काय काय करतं

पहिलं नुकसान डेपोवर पोचायच्या आधीच होतं. पेपर, पुठ्ठा, दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, तेलाचे कॅन या सगळ्याला भंगारात भाव आहे. पण रात्रभर तो पेपर आमटीच्या खरकट्यासोबत एकाच पिशवीत राहिला की सकाळी त्याचा लगदा होतो. पुठ्ठ्याचे थर सुटतात. दुधाची पिशवी धुऊन वाळवून दिली तर तिचे दाणे होऊन पुन्हा वस्तू बनते. तीच डाळीनं माखून आली तर धुवायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त होतो आणि भंगारवाला ती हातात धरत नाही. वस्तू तीच, ओट्यावर होती तेव्हा तिला किंमत होती. पिशवीची गाठ मारली आणि ती गेली.

दुसरी गोष्ट डेपोवर घडते. ढिगाच्या वरच्या थराला हवा मिळते, तिथं कुजणं सुरू झालं तरी फार घाण वास येत नाही. खाली, चार-पाच फुटांखाली, हवा पोचत नाही. तिथं हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. त्यांच्या कामातून मिथेन निघतो आणि सोबत तो सडका वास, जो वारा फिरला की बावड्यात घराघरांत शिरतो. मिथेन पेट घेतो. उन्हाळ्यात डेपोला आग लागली की ती विझवायला दिवस जातात, कारण पाणी मारलं तरी आतल्या आत धुमसत राहतं, आणि ढिगात प्लास्टिक असतंच. हवामानाच्या हिशेबातही मिथेन वाईट. शंभर वर्षांचा परिणाम मोजला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट उष्णता धरतो.

तिसरं म्हणजे कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी. याला लीचेट म्हणतात. कचऱ्याचं स्वतःचं पाणी आणि वरून पडलेला पाऊस मिळून ढिगातून खाली उतरतं, आणि वाटेत जे सापडेल ते सोबत घेतं. सडलेला सेंद्रिय माल, बॅटरीतलं शिसं, जुन्या ट्यूबलाइटमधला पारा, रंगाचे उरलेले डबे. गटारीच्या पाण्यापेक्षा हे कितीतरी पट तीव्र असतं. आणि आपल्याकडं पाऊस कसा पडतो ते सांगायला नको. जून ते सप्टेंबर उघड्या ढिगावर संततधार लागली की हे पाणी थांबवायचं कुठं आणि कसं, हा डेपो चालवणाऱ्याचा सगळ्यात मोठा घोर असतो.

चौथी गोष्ट लोकांना फार माहीत नसते. दर काही वर्षांनी कोणीतरी म्हणतं, “एवढा कचरा आहे, वीज तयार करा की!” परदेशात करतातही. पण जाळून ऊर्जा मिळवायची तर इंधन जळलं पाहिजे. एक किलो पाण्याची वाफ करायला सहाशेच्या वर किलोकॅलरी उष्णता लागते. ज्या कचऱ्यात निम्म्याहून जास्त पाणी आहे, तो स्वतःला वाळवण्यातच दमून जातो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी यासाठी एक रेघ आखली होती. किलोमागं १५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता देणारा, पुनर्वापर न होणारा सुका कचरा जमिनीत पुरायचा नाही, तो इंधन म्हणून वापरायचा. हा माल वाळवून, तुकडे करून सिमेंटच्या भट्ट्यांना जातो. कुरकुऱ्यांची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, फाटकी रेक्झिन यांना भंगारात कोणी विचारत नाही. त्यांची जागा ती. मात्र ओल्यात मिसळून आलेला तोच माल या रेघेखाली घसरतो.

खत करायचं म्हटलं तरी मिसळलेला कचरा गोत्यात आणतो. डेपोवर मोठमोठ्या फिरत्या चाळण्या असतात, ट्रॉमेल म्हणतात त्यांना. ओल्या चिखलाने भोकं बुजतात, पातळ पिशव्यांची गुंडाळी आसाभोवती बसते, मशीन बंद. तयार खतात काचेचा चुरा निघाला तर शेतकरी ते फुकट दिलं तरी नेत नाही. शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्यातल्या शेतकऱ्याला सेंद्रिय खताची गरज नाही असं कोण म्हणेल? त्याला आपली काच नको आहे, एवढंच.

झूमवरच्या जुन्या ढिगाबद्दल बातम्यांत बायोमायनिंग हा शब्द येतो, तो याच संदर्भात. वर्षानुवर्षं साठलेला ढीग फोडायचा, पसरून वाळवायचा, चाळायचा आणि त्यातली माती, दगड-विटा, प्लास्टिक वेगळं करायचं. म्हणजे जे काम ओट्यावर दोन डब्यांनी फुकटात झालं असतं, ते वीस वर्षांनी यंत्रं लावून, टनामागं पैसे मोजून करायचं. ढीग कमी होतो, जमीन मोकळी होते, काम गरजेचंच आहे. पण वरून रोज नवा मिसळलेला माल पडत राहिला तर ते गळक्या हौदात पाणी भरण्यासारखं होतं.

शहर वाढलं म्हणजे नेमकं काय झालं

लोक वाढले म्हणून कचरा वाढला, हे अर्धंच उत्तर आहे. पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या मागं परडं असायचं. परड्यात एक खड्डा, कोपऱ्यात गोठा. खरकटं आणि देठं म्हशीला, राख खड्ड्यात, कागद चुलीला. ओला कचरा घराच्या उंबऱ्याबाहेर पडायचाच नाही. गंगावेशीत म्हशी आणून समोर धार काढून देणारा दूध कट्टा आजही आहे, तिथं तांब्या घेऊन जाणारा माणूस पिशवीचा कचरा करत नाही. पण वाड्याच्या जागी चार मजली अपार्टमेंट आलं, परड्याच्या जागी पार्किंग. तीच देठं, तेच खरकटं आता लिफ्टनं खाली येतं आणि गाडीची वाट बघतं. सामान घरी येण्याची रीतही बदलली. ऑनलाइन मागवलेल्या चार्जरसोबत खोका, खोक्यात फुग्यांची पिशवी, त्यावर टेप. हॉटेलातून मागवलेल्या तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे चार प्लास्टिकचे डबे, तेही तेलकट.

जागेचं गणित याहून अवघड आहे. १९७२ साली नगरपालिकेची महापालिका झाली आणि पुढची कित्येक दशकं हद्द तेवढीच राहिली, ६६.८२ चौरस किलोमीटर. हद्दवाढीवरून आंदोलनं झाली, विरोधात बंदही झाले. त्या वादात इथं पडत नाही. पण पाचगाव, उचगाव, कळंब्याकडं जाऊन बघा, एका बाजूला महापालिकेची गल्ली आणि पलीकडं ग्रामपंचायतीची. राहणीमान सारखंच, कचराही सारखाच. गाडी मात्र एकीकडं रोज येते, दुसरीकडं येईल तेव्हा. मग रस्त्याकडेची झुडपं, ओढ्याचा काठ, पुलाचा कठडा यांचा कोंडाळा होतो. २०१७ मध्ये शहराभोवतालच्या ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण झालं, पण घरोघरचा कचरा उचलायचं काम ज्या त्या ग्रामपंचायतीकडंच आहे, आणि त्यातल्या बऱ्याच गावांकडं तेवढी माणसं नाहीत, वाहनं नाहीत, प्रक्रियेला जागा तर नाहीच.

“मग लांब कुठंतरी जागा बघा की!” हे वाक्य सगळ्यांनी म्हटलेलं असतं. बघूया. २०१६ च्या नियमांप्रमाणे कचरा पुरण्याची जागा नदीपासून १०० मीटर, तळी, महामार्ग, वस्ती, बागा आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून २०० मीटर, आणि विमानतळापासून २० किलोमीटर लांब हवी होती. विमान वाहतूक खात्याची ना-हरकत मिळाली तर १० ते २० किलोमीटरच्या पट्ट्यात चालायची. विमानतळाची अट पक्ष्यांमुळं. कचऱ्यावर घारी, कावळे, बगळे जमतात आणि विमानाला धडकतात. आता नकाशा घ्या. उजळाईवाडीच्या विमानतळाभोवती २० किलोमीटरचा गोल काढा. अख्खं शहर त्यात बसतं. गोलाबाहेर पश्चिमेला डोंगर आणि धरणांची पाणलोट क्षेत्रं, बाकीकडं बागायती ऊस आणि दाट गावं, मध्ये पंचगंगेची पूररेषा. आणि कुठल्या गावाची ग्रामसभा म्हणेल, या, कोल्हापूरचा कचरा आमच्याकडं टाका?

म्हणून पुरायला जितका कमी जाईल तितकं बरं. नियम तसंही हेच सांगतात. ज्याचं खत होत नाही, भंगारात जात नाही, जाळूनही उपयोग नाही, तेवढाच उरलेला भाग लँडफिलमध्ये. तिथं तळाला जाड प्लास्टिकचा थर आणि लीचेट गोळा करायची पाइप हवी. नुसत्या उघड्या ढिगाला लँडफिल म्हणत नाहीत.

दोन डबे, आणि ज्यांचं काय करायचं ते कळत नाही असं सामान

ओलं म्हणजे जे कुजतं, सुकं म्हणजे जे कुजत नाही. एवढं पोरांनाही पाठ आहे. घोळ होतो तो मधल्या वस्तूंवर.

मटणाची हाडं ओल्यात द्यायची. घरच्या खताच्या डब्यात मात्र नकोत, कुत्री-मांजरं मागं लागतात आणि हाड लवकर कुजतही नाही. रविवारच्या जेवणानंतर सोमवारी सकाळी गाडीतल्या डब्यांत हाच माल जास्त असतो. नारळाची करवंटी आणि शेंडी गाडीला ओल्यात द्या. घरात खत करत असाल तर शेंडी सोडवून ठेवा, ती कामाची आहे. चहाची भुकटी ओल्यात, टी बॅग असेल तर फोडून, कारण बऱ्याच बॅगांत प्लास्टिकचा धागा असतो. कागदी कप आणि चकचकीत पत्रावळ्या दिसतात कागदाच्या, आतून मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असतो. त्या सुक्यात.

दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण कापून टाकायचा नाही, थोडा चिकटलेला ठेवायचा. तो नखाएवढा तुकडा भंगारात कोणी वेचत नाही, तो झाडलोटीत जातो, गटारीत जातो आणि तिथून जयंती नाल्यानं पंचगंगेत. पिशवी उघडून, विसळून, खिडकीच्या गजाला अडकवली की दुपारपर्यंत वाळते. महिनाभराच्या पिशव्यांची गड्डी भंगारवाला आनंदानं नेतो.

डायपर आणि सॅनिटरी पॅड हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. डायपरच्या आत पाणी शोषून जेली होणारी पावडर असते, वर प्लास्टिक. ना खत होतं ना भंगार. जुन्या पेपरात गुंडाळून, वर लाल पेनानं खूण करून वेगळं द्यायचं. २०१६ च्या नियमांत घरातल्या कचऱ्याचे तीन भाग होते, ओला, सुका आणि घातक. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी ते चार केले. ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. या चौथ्यात ट्यूबलाइट, बल्ब, बॅटऱ्या, मुदत संपलेली औषधं, रंगाचे डबे येतात. एका घरात वर्षभरात खोकं भरेल एवढाही हा माल होत नाही. तो एका खोक्यात साठवा आणि एकदम द्या. पण त्याला डब्यात टाकू नका.

का ते सांगते. सकाळी टिपर, म्हणजे कचऱ्याची गाडी येते, गाणं वाजत असतं, सगळ्यांची घाई असते. एका पिशवीची गाठ मारलेली. गाडीवरच्या मावशींनी ती फाडली. आत चहाचा चोथा, दोन दुधाच्या पिशव्या, अर्धी भाकरी, पेपरात न गुंडाळलेला डायपर, गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि फुटलेल्या काचेच्या ग्लासाचे तुकडे. मावशींच्या हातात एकच मोजा होता, दुसरा फाटलेला. त्या मला म्हणाल्या, “वहिनी, तुम्ही दोन डबं देताय, बरं हाय. पण पलीकडनं असली पिशवी आली की माझा हात त्यातच जातोय की.”

यावर लगेच येणारा प्रश्न म्हणजे, “आम्ही वेगळं देतो, पण गाडीत सगळं एकत्रच करतात, मग कशाला?” हा आरोप खोटा नाही. अनेक शहरांत, अनेक गाड्यांत हेच होतं. पण कसं होतं तेही बघा. टिपरला दोन कप्पे असतात. एका गल्लीतल्या चाळीस घरांपैकी दहा घरं वेगळं देतात, तीस घरं गाठ मारलेली एकच पिशवी. गाडीवरच्या माणसाला पुढच्या शेकडो घरांत दुपारच्या आत पोचायचं असतं. तीस पिशव्या फोडून निवडायला तो थांबू शकत नाही, त्या पडतात कुठल्या तरी कप्प्यात, आणि दहा घरांच्या कष्टांचं पाणी होतं. त्या दहा घरांनी वैतागून सोडून दिलं की गाडीवाल्याकडंही वेगळं ठेवायला कारण उरत नाही. एकेकट्या घरानं हे सुटत नाही. गल्लीनं सुटतं. आणि कोल्हापुरात गल्लीला एकत्र आणायला नवीन समिती काढायची गरज नाही, तालमी, म्हणजे गल्लोगल्लीची तरुण मंडळं आहेत. पेठेत तालमीच्या पोरांनी ठरवलं की गणपतीची वर्गणी कशी गोळा होते ते आपण बघतोच. महिनाभर सकाळी गाडी येताना दोन पोरं तिकटीवर उभी राहिली आणि गाठीची पिशवी परत दिली, की गल्ली सुधारते. सुधारलेल्या गल्लीचा माल गाडीवाला मिसळत असेल, तर मग जाब विचारायला तोंड आहे. घरफाळा आपण भरतोच.

सुक्या कचऱ्यातलं भंगार निवडण्याचं खरं काम मात्र वर्षानुवर्षं कचरावेचक बायका करत आल्यात. पहाटे कोंडाळ्यावरून बाटली, पुठ्ठा, पत्रा वेचून त्या जेवढा माल वाचवतात, तेवढा डेपोवर जात नाही. त्याचा पगार त्यांना कोणी देत नाही, भंगारचा भाव पडला की त्यांची चूल थंडावते. २०१६ च्या नियमांनी त्यांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. शहरातल्या अवनि आणि एकटी या संस्था या बायकांबरोबर काम करतात. वेगळा दिलेला स्वच्छ सुका कचरा म्हणजे या बायकांना सावलीत, टेबलावर, हात न कापता करता येणारं काम.

लग्नं, गणपती आणि पूर

घरगुती कचरा घरातच होतो असं नाही. पाचशे पानांच्या जेवणात माणशी दोनशे ग्रॅम खरकटं आणि पत्रावळ धरली तरी १०० किलो होतं. रोज १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणाऱ्याला नियम मोठा उत्पादक म्हणतात, आणि ओल्या कचऱ्याची सोय त्यानं शक्यतो स्वतःच्या आवारात करायची असते. लग्नसराईतलं मंगल कार्यालय, मोठं हॉटेल, यात्री निवास हे सगळे त्यात येऊ शकतात. इथं बायोगॅस चांगला जमतो. खरकटं लवकर सडतं, तेलकट असतं, आणि बंद टाकीत तेच मिथेन आपल्या चुलीला मिळतं. डेपोवर आपल्याला जाळतो तो, इथं दूध तापवतो. हॉल बघायला जाताना ताटाचा दर, पार्किंग, जनरेटर सगळं विचारता, खरकटं कुठं जातं तेही एकदा विचारून बघा. उत्तर देताना मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा असतो.

गणपतीत कोल्हापूरनं बरंच चांगलं काम केलंय, ते मान्य करायलाच हवं. निर्माल्य वेगळं गोळा करणं, मूर्ती पंचगंगेऐवजी इराणी खणीत किंवा कुंडात देणं हे इथल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं. निर्माल्य म्हणजे फुलं-पानं, खतासाठी उत्तम. फक्त हारातला प्लास्टिकचा दोरा आणि चमकी काढून द्या.

पुराचं वेगळंच. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर पाणी ओसरलेल्या गल्ल्यांत गाद्या, भिजलेलं धान्य, वह्या-पुस्तकं, फर्निचर यांचे जे ढीग लागले, त्यात ओलं-सुकं करायला कोणाला उसंत नव्हती आणि तेव्हा तशी अपेक्षाही चुकीची. पण नाल्यांतून वाहून आलेल्या बाटल्या आणि पिशव्या नदीकाठच्या उसात अडकल्या, त्या मात्र पुरानं तयार केलेल्या नव्हत्या. राज्यानं मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक बंदी आणली, केंद्रानं १ जुलै २०२२ पासून एकदा वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर. तरी लक्ष्मीपुरीत कोथिंबिरीची जुडी पातळ पिशवीत मिळतेच, कारण आपण पिशवी विसरून जातो.

गच्चीवरचं खत

सात टँकर कमी करायचा सगळ्यात थेट उपाय म्हणजे ओला कचरा घरातून बाहेरच न पाठवणं. चौघांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा होतो. झाकणाची, बाजूनं भोकं पाडलेली बादली पुरते. खत करणारे जिवाणू कार्बन आणि नायट्रोजन साधारण तीसास एक या प्रमाणात मागतात. भाजीच्या सालींत नायट्रोजन जास्त, त्यामुळं नुसत्या साली टाकल्या की चिखल होतो आणि अमोनियाचा उग्र वास येतो. कार्बन वाळक्या वस्तूंत असतो. इथं कोल्हापूरकरांची चैन आहे. उसाचं वाळकं पाचट पाहिजे तेवढं, कुठल्याही गावाकडच्या पाव्हण्याला सांगा. रसवंतीवाल्याकडचं चिपाड वाळवून कुटून घ्या, तो स्वतःच ते कुठं टाकू या विवंचनेत असतो. ते नसेल तर नारळाची शेंडी, वाळका पाला, फाडलेला पुठ्ठा. ओल्याचा एक थर, त्यावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका. आठवड्यातून दोनदा खाली-वर करायचं. हवा मिळाली की मिथेनवाले जिवाणू येत नाहीत आणि वासही येत नाही, ओल्या मातीसारखा येतो तो सोडून.

गूळ-ताकाचं पाणी घाला असं बरेच जण सांगतात. घालायला हरकत नाही, गुळाच्या गावात गूळ कमी नाही. पण जुन्या खताची मूठभर माती टाकली तरी तेच काम होतं.

मुठीत घेऊन दाबून बघा. बोटांतून एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाचट घाला, भुरभुरलं तर पाणी शिंपडा. दोन-तीन महिन्यांत माल काळा, भुसभुशीत होतो. महिन्याला तीस किलो टाकलं तर हाताला पाच-सात किलो खत येतं, बाकीचं वाफ आणि वायू होऊन गच्चीवरूनच जातं. छोट्या बादलीत मोठ्या ढिगासारखी ५५-६० अंशांची उष्णता तयार होत नाही, त्यामुळं बिया मरत नाहीत. कुंडीत न लावलेले टोमॅटो आणि मिरच्या उगवल्या तर नवल वाटून घेऊ नका.

पावसाळ्यात बादली पत्र्याखाली ठेवा, आणि आत मळकट रंगाच्या जाड अळ्या वळवळताना दिसल्या तर फेकून देऊ नका. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट खरकटं भराभर संपवतात. त्या फार वाढल्या तर समजायचं की माल ओला झालाय. दोन मुठी जास्त पाचट, दोन दिवस नवीन काही न टाकणं, आणि झाकण थोडं उघडं.